मिसळणाच्या डब्यातलं खोडरबर

चार महिने तिचं खोडरबर माझ्या मिसळणाच्या डब्यात होतं. मेथ्यांची वाटी रिकामी झाली होती, तिच्यात मी ते टाकलं होतं. एका बाजूला हळद, दुसऱ्या बाजूला मोहरी. रोज फोडणीला डबा उघडला की ते दिसायचं आणि मला त्या परीक्षेची आठवण व्हायची. आठवण म्हणण्यापेक्षा धास्ती वाटायची असं म्हणायला हवं. परीक्षा तिची होती, वय वर्षं बारा. धास्ती मात्र माझी, आणि मी त्रेसष्टची.

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. शाळा वागळे इस्टेटमध्ये, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. दुपारचा भोंगा झाला की आमची मधली सुट्टी व्हायची. चौथीच्या मुलांना शिष्यवृत्तीला बसवणं हे माझं खास काम. त्या वर्गातली एक मुलगी पुढे शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन माजिवड्याच्या एका उंच इमारतीत राहायला गेली. एका रविवारी ती पेढे नाही, पत्रिका नाही, नुसतीच माझ्या खोपटच्या घरी आली आणि तिने माझ्याबरोबर चहा घेतला. मग म्हणाली, "बाई, माझ्या मुलीला शिकवाल?"

तिचा नवरा इंजिनियर, तीन वर्षं सिंगापूरला. वर्षातून दहा-बारा दिवस घरी यायचा. मायलेकींना तिकडे न्यायचं तर मुलीला शाळा हवी. खासगी शाळांच्या फिया त्यांच्या आवाक्यात नव्हत्या, आणि तिथल्या सरकारी शाळेत बाहेरून येणाऱ्या मुलांना इंग्रजी आणि गणिताची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती तिकडे जाऊनच द्यायची.

"आमचं ठरलंय बाई," ती म्हणाली, "एकदाच बसवायचं. झालं तर आम्ही दोघी जाणार. नाही झालं तर ती दहावीपर्यंत इथेच शिकेल आणि तिचे बाबा तिथेच राहतील. पुन्हा पुन्हा आशेवर राहायला माझ्यात जोर नाही." तिने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला पटकन हो म्हणवेना. मुलगी दहावी होईपर्यंत बाप फोनमध्येच दिसणार, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येतो. इंग्रजीला त्यांनी दुसरं कुणी बघितलं होतं. गणित मी घेतलं.

घरातून सगळ्यांचा पाठिंबा होता असं नाही. तिच्या सासूबाई पहिल्या दिवशी नातीला सोडायला आल्या. मूळच्या कोकणातल्या, बोलायला फटकळ. मी दिलेलं सरबत हातात धरून म्हणाल्या, "आता बघा, इथे चांगल्या इंग्रजी शाळेत आहे पोर. तिला सिंगापूरला न्यायची, ती काय सरकारी शाळेत घालायला?"

"मीही सरकारी शाळेचीच," मी म्हटलं.

"तुमची गोष्ट वेगळी हो, बाई." कशी वेगळी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला अशा माणसांचा राग येतो, पण सरबत त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, तेव्हा जाऊ दे म्हटलं.

डोंबिवलीला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या सोसायटीतल्या एका मुलीने आधी ही परीक्षा दिली होती. मी तिथे जाऊन सरावाच्या पेपरांचा गठ्ठा झेरॉक्स करून आणला. घरी येऊन सोडवायला बसले आणि थोडी हबकलेच. गणितं अवघड नव्हती, रीत निराळी होती. एका डब्यात लाल मणी निळ्यांच्या तिप्पट आहेत, बारा लाल काढले की दोन्ही सारखे होतात, तर लाल किती? मी लगेच 'निळे मणी क्ष मानू' लिहिलं. तिथली मुलं क्ष मानत नाहीत. ती चौकोनी पट्ट्या काढतात: लालच्या तीन, निळ्याची एक. दोन पट्ट्या जास्त, त्या म्हणजे बारा, एक पट्टी सहा, लाल अठरा. पट्ट्या बघून मला आधी हसू आलं, बालवाडी वाटली. आठवड्याभराने मी स्वतः पट्ट्या काढायला लागले होते, आणि क्षची मला थोडी लाज वाटायला लागली होती.

मुलगी हुशार होती. पट्ट्या तिला माझ्याआधी जमल्या. पण पहिला सराव पेपर तिने माझ्या हातात दिला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. पानभर पांढरं, आणि प्रत्येक प्रश्नाखाली निळ्या पेनाने एक आकडा, खाली दोन रेघा. पट्ट्या नाहीत, गुणाकार नाही, काहीच नाही.

"कसं केलंस गं हे? मनात?"

"नाही बाई. पेन्सिलने केलं. मग उत्तर पेनाने लिहिलं आणि कच्चं काम खोडून टाकलं."

त्या परीक्षेत नेमके याच कच्च्या कामाला गुण असतात. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळतात. पायऱ्या दिसल्याच नाहीत तर तपासणाऱ्याने कशाला काय द्यायचं? हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली, आणि पुढचा पेपर पुन्हा तसाच, धुतल्यासारखा. ही सवय तिला आईने लावली होती. आईला कुणी लावली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शिष्यवृत्तीच्या पेपरात उत्तराखेरीज काही बघत नसत. कच्चं काम समासात पेन्सिलीने, मग खोडून साफ. खाडाखोड दिसली की मी वहीवर लाल शाईने 'गबाळं काम' लिहायचे. माझ्या वर्गातल्या मुलांचे पेपर इतके स्वच्छ असत की निरीक्षक ते दुसऱ्या शाळांना दाखवायला घेऊन जात. मला त्याचा केवढा तोरा होता.

मग मी तिचं रबर काढून घेतलं. शाळेसाठी दुसरं घे म्हटलं, पण माझ्याकडे येताना आणायचं नाही. पहिले पंधरा दिवस ती हैराण झाली. चुकलं की हात कंपासपेटीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा तर बोटाला थुंकी लावून घासायला लागली आणि कागद फाटला. ती पेन्सिल फार दाबून लिहायची. खालच्या दोन पानांवर वळ उठायचे. "पेन्सिल आहे, पहार नाही," मी म्हणायचे. हळूहळू मात्र ती सुधारली. पट्ट्या तशाच राहायला लागल्या, चुकलेल्यावर रेघ आणि खाली दुसरा प्रयत्न. चार महिन्यांनी तिचा पेपर बघितला की तिचं डोकं कसं चाललं ते पायरीपायरीने वाचता यायचं. असा घाणेरडा पेपर बघून मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

निघायच्या दिवशी मायलेकी मला भेटायला आल्या. बाहेर रिक्षा थांबवलेली. मुलगी वाकून नमस्कार करायला लागली, मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मग मला रबर आठवलं. पेपराच्या एका भागात गोळे रंगवायचे असतात, तिथे चुकलं तर खोडायला लागणार. मी डबा उघडून ते तिला परत दिलं. एका कोपऱ्याला हळद लागून ते पिवळं झालं होतं. तिने वास घेतला आणि हसली.

आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "शांतपणे सोडव. पेपर स्वच्छ ठेव. खाडाखोड नको."

हे मी ठरवून बोलले नाही. एकतीस वर्षं प्रत्येक परीक्षेच्या दिवशी, प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मी हीच तीन वाक्यं म्हटली होती. तोंडात बसली होती ती. आशीर्वाद असा मला दुसरा येतच नव्हता. मुलगी "हो बाई" म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

दह्याची वाटी घासताना मला एकदम ते ऐकू आलं. माझ्याच आवाजात. हातातली वाटी तशीच ठेवून मी फोन उचलला, आणि नंबर न लावता पुन्हा ठेवला. आता फोन करून काय सांगायचं? मघाशी म्हटलं ते विसर? ऐन वेळी मुलाच्या डोक्यात गोंधळ घालू नये, हे मीच पालकांना सांगत आले होते. चार महिन्यांत ती शिकली आहे, एका वाक्याने काय होतंय. अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. माझ्या जुन्या विद्यार्थिनीपुढे, अगं मी चुकीचं बोलून गेले, असं म्हणायची लाज. परीक्षेला अजून तीन दिवस होते. तिन्ही दिवस मी फोन उचलत होते आणि ठेवत होते.

परीक्षेच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मुलगी बापाला चिकटून बसली होती. त्याचा हात तिच्या खांद्यावर, आणि तो मोकळा होऊ नये म्हणून तिने त्याची दोन बोटं धरून ठेवली होती.

"कसा गेला?"

"छान गेला बाई. सगळे प्रश्न केले. आणि शेवटी दहा मिनिटं उरली तर सगळं कच्चं काम खोडलं. तुम्ही सांगितलेलं ना? एकदम स्वच्छ ठेवला पेपर."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. पट्ट्या पण." मग तिला काहीतरी आठवलं. "म्हणजे आधी मला वाटलं नको, तुम्हीच नको म्हणायचात. पण मग निघताना तुम्ही रबर परत दिलंत आणि म्हणालात, तर मला वाटलं, खऱ्या पेपरला खोडायचं असतं."

तिचा तर्क अगदी बिनचूक होता. मी शाब्बास म्हटलं, दुसरं काय म्हणणार. तिच्या आईने मागून डोकावून विचारलं, "बाई, तुमचं तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, उकडतंय.

निकालाला काही आठवडे लागणार होते. दिवाळीची सुट्टी जोडून त्या तिथेच राहिल्या. ते आठवडे मी कसे काढले, मला सांगता यायचं नाही. तिची सरावाची एक जुनी वही माझ्याकडे राहिली होती, रबर काढून घेण्याआधीची. ती मी खिडकीशी नेऊन तिरकी धरली. पेन्सिल दाबून लिहिण्याच्या सवयीने खोडलेल्या जागी वळ राहिले होते. उजेड बाजूने पडला की पट्ट्या दिसत होत्या, आकडेही लागत होते. एका पानावर सगळं लागलं आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्या पानावर काहीच लागेना. मग मी बोटाने चाचपत बसले. तो परक्या देशातला तपासणारा कशाला खिडकीशी जाऊन पान तिरकं धरेल? त्याच्यापुढे गठ्ठा असणार. मीही गठ्ठे तपासलेत. पांढरं पान आलं की मी कधी ते उजेडात धरलं नव्हतं. हळदीचे डाग पेपराला लागले असतील का, असलं काहीबाहीही डोक्यात यायचं. वरणात मीठ दोनदा पडायचं. खाली एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा चालायच्या आणि फोन वाजला असं वाटून मी उठायचे.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. हातात फराळाचा डबा. घरात एकट्याच होत्या, तरी सगळं केलं होतं, चकल्यासुद्धा. बसल्या, पदराने मान पुसली, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "बाई, तुम्हाला म्हणून सांगते. मी देवीला सांगितलंय, पोरीला नापास कर."

मी पुढे सरकून बसले.

"पाप लागेल मला, ठाऊक आहे. पण त्या दोघी गेल्यावर मी त्या बाराव्या मजल्यावर कुणाशी बोलू? मुलगा म्हणतो, तू पण ये. मला ते जमायचं आहे का आता?" त्यांचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "तुम्ही शिकवलंय. तुम्हाला अंदाज असेल. कसा गेलाय तिचा पेपर?"

ज्या बाईचा मला राग यायचा, तिलाच मी सगळं सांगून टाकलं. रबर, दही-साखर, ती तीन वाक्यं, न केलेला फोन. दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. त्यांना बरं वाटेल, असंही कुठेतरी वाटलं असेल. देवीच्या आधी मीच त्यांचं काम केलं होतं.

त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे पोरीला येत होतं?"

"सगळं येत होतं."

"आणि तुम्ही सांगितलंत म्हणून तिने पुसलं?"

"हो."

"अहो, मग फोन का नाही केलात?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "तीन दिवस होते तुमच्याकडे. एवढ्या शिकलेल्या तुम्ही. माझी नात चार महिने रिक्षाने येत होती तुमच्याकडे, खेळ नाही, टीव्ही नाही. तिला येत असून जायचं?" त्यांचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. जाताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "सुनेला तुम्ही स्वतः सांगा. मी नाही सांगणार."

निकालाचा फोन आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत होते. ओल्या हातानेच घेतला. तिची आई होती.

"बाई, नाही झालं."

"काय कळवलंय?" मी विचारलं.

"पत्रात एवढंच आहे की जागा देता येत नाही. मार्क कळवत नाहीत ते." तिचा आवाज पहिल्या दिवसासारखाच सरळ होता, फक्त खूप दमलेला. "सासूबाईंना सांगितलं मघाशी. मला वाटलेलं, त्यांना बरं वाटेल. तर त्याच रडायला लागल्या. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिने तुमचं सगळं ऐकलं. मी पण परीक्षेच्या गेटवर तिला परत आठवण केली होती, बाई काय सांगतात, पेपर स्वच्छ, खाडाखोड नको. तिने शब्दाला शब्द पाळला. नशीब नव्हतं, दुसरं काय."

ती माझी समजूत घालत होती. तिथे गप्प बसता आलं असतं. मार्क कळणार नव्हते, कारणही कुणाला कधी कळणार नव्हतं, आणि नशिबाच्या नावावर सगळं खपून गेलं असतं. पण सासूबाईंचं 'तीन दिवस होते' कानात होतं.

मी सांगितलं. पायऱ्यांना गुण असतात हे तिला माहीत नव्हतं, तिने ते सगळं माझ्यावर सोडलं होतं. मी चार महिने काय शिकवलं आणि शेवटच्या मिनिटाला ते कसं पुसलं, ते क्रमाने सांगितलं. फोन करायची लाज वाटली, हेही.

"चौथीतला माझा एक पेपर आहे बाई," ती म्हणाली. "तुम्ही तो वर्गात वर धरून सगळ्यांना दाखवला होता. बघा, किती स्वच्छ. मी तो लॅमिनेट करून ठेवलाय. हिला पण दाखवते मी अधूनमधून." मग म्हणाली, "त्याच्यावर नुसती उत्तरं आहेत."

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही, आणि 'असू दे बाई' असंही म्हणाली नाही. म्हणाली, "थांबा, ही तुमच्याशी बोलायचं म्हणतेय," आणि कॅमेरा सुरू झाला.

मुलीचे डोळे सुजलेले होते. पुढ्यात वही होती, आणि मागे बाप उभा. "बाई, बाबा म्हणाले अजून एकदा बसू या. आई नको म्हणत होती, पण आता काहीच बोलत नाहीये. तर एक गणित करून दाखवते, तुम्ही फक्त बघा." ती भराभर पट्ट्या काढायला लागली. तिसऱ्या पट्टीला चुकली. मला दिसलं, तिलाही दिसलं. हात कंपासपेटीकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने वर बघितलं.

"रेघ मार," मी म्हटलं. "आणि खाली परत कर."

तिने कंपासपेटीतून फूटपट्टी काढली, चुकलेल्या चौकोनावर नीट समांतर ठेवली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"फूटपट्टी बाजूला ठेव," मी म्हटलं. "हाताने मार. वाकडी आली तर येऊ दे."

तिने आधी आईकडे बघितलं. आई पुढे झाली आणि तिने वहीवरची फूटपट्टी उचलून घेतली.